सहा नंबरचं बटण

सगळं सुरळीत पार पडलं की मी नसतोच.
माइक कुईं करतो तेव्हा मात्र
शंभर माना एकदम मागे वळतात.
शंभर म्हणतोय खरं, असतात एकतीस.
हिवाळ्यात बावीस.
बाकीचे पडद्यापलीकडे.

आठवडाभर मी खेकड्यांच्या कारखान्यात.
शनिवारी रात्री हाताला लिंबू चोळून चर्चमध्ये येतो,
तरी हेडफोनला खारट वास राहतोच.
पाळकबाईंच्या माइकला नव्या बॅटऱ्या घालतो,
जुन्या टाकवत नाहीत, घरी घड्याळाला चालतात.
केबल गुंडाळतो, एक वेढा वरून, एक खालून.
जबरदस्ती केली की ती डूख धरते,
पुढच्या खेपेला गाठ मारून बसते.
हे बापानं शिकवलं, जाळ्याच्या दोरावर.
त्याला केबल माहीत नव्हती.

गेल्या ईस्टरला स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्यात
कबर लिहायची तिथे
बोटांनी सवयीनं खेकडा लिहिलं.
सगळ्यांनी तसंच गायलं.
मोठ्यानं. शेवटपर्यंत.

उपासनेआधी पाळकबाई मॉडलिन
माइक बंद करायला विसरतात.
माझ्या एकट्याच्या कानात त्यांचा श्वास येतो,
कागद चाळल्याचा आवाज, आणि मग:
आज माझ्याकडे काही नाहीये. तूच बघ.
मी आवाजाची पट्टी खाली ओढतो.
हे ऐकण्याचा पगार मला नाही.
तसा कशाचाच नाही.

एका मंगळवारी अल्फियस किपिंगचा फोन आला,
दोनशे किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमातून.
म्हणाला, पाळकबाईंचं तोंड पाठ झालंय मला,
जरा डावीकडचा तिसरा बाक दाखव ना.
बाक?
खिडकीजवळचा. ट्रायफिना बसायची तो.
रिकामा असला तरी चालेल.
मग जरा थांबून:
रिकामाच असू दे.

तेव्हापासून कॅमेऱ्याचं सहावं बटण म्हणजे तो बाक.
अर्पणाची थाळी फिरते तेव्हा, दहा सेकंद.
खिडकीतला उजेड, हातांनी झिजलेला कठडा,
मे महिन्यात मागे उपसागरात एखादा हिमनग,
चरून घरी निघालेल्या गाईसारखा
सावकाश.

कमिटीत विषय निघाला.
रिकामा बाक का दाखवतोस?
लोकांना वाटेल चर्च ओस पडलंय.
कॅमेरा घसरतो, म्हणालो, जुना झालाय.
मग नव्या कॅमेऱ्यासाठी केक विकायचं ठरलं.
माझ्या त्या खोट्यापायी
तीन केक मीच विकत घेतले.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा असतो.
अकरा. बहुतेक वेळा अकराच.
दोघं अल्बर्टात तेलाच्या कामावर,
एक नर्स, रात्रपाळीवरून येऊन झोपताना लावते,
माझी बहीण, जी देव मानत नाही,
आणि असेच.

परवाच्या रविवारी दहा.
राउटर पाहिला. वायर काढून घातली.
डिशवर समुद्रपक्षी बसलाय का, बाहेर जाऊन बघितलं.
दहा.
प्रार्थनेच्या स्लाइडवर तो आजाऱ्यांच्या यादीत होता,
नाव मीच टाइप केलं होतं, आदल्या रात्री.
पाळकबाईंनी ते वाचलं, आजाऱ्यांतच.
मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
मी कुणाला काय सांगणार?

थाळी फिरली. अंगठा आपसूक सहावर गेला.
बाकावर क्विंटनांची धाकटी पोर बसली होती,
आई पुढे गायला उभी म्हणून एकटीच.
गालात गोळी,
बुटाच्या नाडीशी झटापट चाललेली.
दहा सेकंद झाले.
एक फास जमला, दुसरा सुटला.
पुन्हा पहिल्यापासून.
कट करायला हवं होतं.

दुपारी रेकॉर्डिंग चढवताना मोजलं, एक मिनिट चार सेकंद.
मागे थाळीतल्या नाण्यांचा आवाज.
काही कापलं नाही.

बॅटऱ्या संपल्यात.
चार आणायच्या, बारीकवाल्या.