नागमोडी

आधी एक अक्षर गळतं.
पावतीवर 'पैंजण' लिहिलेलं असतं, मला दिसतं 'पैं  ण'.
मग त्या रिकाम्या जागेतून
चांदीची कड उगवते, नागमोडी,
थरथरत कानापर्यंत वाढत जाते.
वीस मिनिटं. मग घण.

बारा वर्षं हुपरीत घुंगरं जोडतेय मी.
वाटायचं, डाग देताना उजेड अडकत असेल डोळ्यात.
सासूबाई म्हणाल्या, अर्धशिशी आहे, सुंठ लाव उगाळून.
लावली. कपाळ पोळलं, कड तशीच.

धाकटीनंतर गोळ्या सुरू केल्या.
मेडिकलमधल्या पोरानं वर न बघताच दिल्या.
एकवीस खिडक्यांचं पाकीट,
रोज रात्री एक खिडकी फोडायची,
उद्याची काळजी गिळून झोपायचं.
सोपं होतं. भरतेशला काहीच करावं लागत नव्हतं.
पण कड आता आठवड्याला यायला लागली
आणि एकदा डाव्या हाताला मुंग्या येऊन
घुंगरू सुटलं बोटांतून, गेलं कुठं ते सापडलंच नाही.

शाहूपुरीत मुजावर मॅडमनी बीपी बघितलं, मग विचारलं,
"त्रिशला, दुखायच्या आधी डोळ्यापुढं काय येतं का गं?"

दुखतं किती, एवढंच विचारतात सगळे.
मला सांगता येईना. म्हटलं, काढून दाखवू?
केसपेपरच्या मागं कड काढायला गेले,
हात सवयीचा, निघाली पैंजणाची नक्षी.
त्या बघत राहिल्या.
मग माझं पाकीट खणात टाकलं.
"ही गोळी तुझी नव्हंच.
अशी कड दिसते त्या बाईला यातलं इस्ट्रोजेन
मेंदूत गुठळी करू शकतं.
क्वचितच होतं. पण ते क्वचित कुणाच्या दारात उभं राहील,
आधी कळत नाही."

टेबलावर एकेक मांडलं.
एकाच हार्मोनची गोळी, वेळ चुकवायची नाही.
निरोध. तांब्याची तार गुंडाळलेली एवढीशी टी.
"आणि मालकांचं छोटं ऑपरेशन. बोलव त्यांना आत."

भरतेश हेल्मेटचा पट्टा लावत काढत ऐकत होता.
"विचार करतो," म्हणाला.
ऐकून हसूच आलं मला.

मी तांब्याकडं बघितलं.
निव्वळ चांदी मऊ, जराशात वाकते,
तांबं मिसळलं की उभी राहते.
हे मला कुणी शिकवायला नको.
"हीच बसवा."
"सुरुवातीला पाळी जास्त जाईल, पोट दुखेल."
"ते दुखणं ओळखीचं आहे, मॅडम."

परतताना गडमुडशिंगीच्या पुढं
उसाच्या ट्रॉलीमागं गाडी हळू झाली.
मान न वळवता त्यानं विचारलं,
"लई दुखतं का गं?"
"आधी दिसतं," मी म्हटलं.
"काय?"
ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं.
केसपेपर पिशवीत होता.
घरी गेल्यावर दाखवीन.