उणे ऐंशी

न्यूपोर्ट, ऑरेगन. नोव्हेंबरातलं वादळ.
आधी याक्विना पुलावरचे दिवे गेले,
मग गोदीवरचे, मग आमचे.
समुद्रसिंहांचं भुंकणं तेवढं चालू राहिलं.
त्यांचं काय अडतंय विजेवाचून.

फ्रीजर केकाटायला लागला
तेव्हा आकडा उणे एकाहत्तरवर आलेला.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
ऑड्री टॉलिव्हर म्हणाली, दार उघडू नकोस,
दुसरं काहीच करायचं नसतं अशा वेळी.
एकोणीस वर्षं तिनं कोळंबीच्या कारखान्यात बर्फाशी काढली,
आता इथे काचेच्या नळ्या विसळते.
बर्फाचा स्वभाव तिला माझ्याहून जास्त ठाऊक.

रेनकोट न काढताच दोघी खोक्यांवर बसलो.
एवढं काय जपून ठेवलंयस आत?

किडे, म्हटलं.
इथून पश्चिमेला तीनशे मैलांवर, दीड किलोमीटर खाली,
समुद्राचा तळ उललाय.
तिथून कढत पाणी येतं, सडक्या अंड्यांच्या वासाचं.
त्या पाण्यावर जगणारे, नळीत राहणारे.
तोंड नाही, आतडं नाही,
अंगात जिवाणू पाळायचे
आणि त्यांच्या कमाईवर बसून खायचं.

माझा पहिला नवरा, ऑड्री म्हणाली.
त्याला तोंड मात्र होतं.

हसू ओसरल्यावर सांगत गेले.
उकळ्याला लागून असतात ते आखूड, दणकट, पिसारा लालभडक.
चार हात पलीकडे, जिथे ऊब नुसती पाझरते,
तिथले लांबलचक, काटकुळे.
कुणी एके काळी त्यांच्या दोन जाती मानल्या होत्या,
दोन नावंही ठेवली होती.
मी तीन वर्षं त्यांची अक्षरं वाचत बसले,
चारच अक्षरं, उलटसुलट, लाखोंनी,
कुठेतरी फट दिसेल म्हणून.
खरं सांगू, मला हवी होती फट.
नाही दिसली.
एकाच पाण्यात सुटलेली पिल्लं,
जिला जिथे टेकायला मिळालं
तिनं तिथलं अंग धरलं.

ऑड्रीनं टॉर्च आकड्यावर मारला. उणे सदुसष्ट.
मग पोरं कुणाला होतात?

इतकं सरळ मला कुठल्याही परिषदेत कुणी विचारलं नव्हतं.
बहुतेक जाड्यांना, म्हटलं.
काटकुळे पुष्कळ, तळभर तेच पसरलेले,
जगतातही निवांत,
पण पुढची पिढी येते ती
त्या मूठभर कढत जागांतून.

ती बराच वेळ बोलली नाही.
पावसानं खिडकी आडवी झोडपली.
मग म्हणाली,
मीही बारीकच होते गं.

मला सुचेना. म्हणून चौदा नंबरच्या पेटीचं सांगितलं,
खालून दुसरा कप्पा, निळं झाकण.
ज्या धुरांड्याची ती आहे
ते धुरांडं आता नाही, वरून लाव्हा गेला.
नकाशावर तिथे नुसतं काळं.
आणि तरी थोड्याच वर्षांत त्या कोऱ्या दगडावर
पुन्हा नळ्या उभ्या.
कुठून आल्या, कुणाच्या,
टाचणीच्या टोक्याएवढीही नसतात पिल्लं,
आईनं अंड्यात बांधून दिलेली शिदोरी
संपायच्या आत जमीन लागली तर लागली.
नव्यांना मी पेटीतल्यांशेजारी ठेवून वाचलं,
ओळीला ओळ लावून.
गेलेले कोण, आलेले कोण,
अक्षरांवरून सांगता येत नाही.

मग पेटी कशाला राखायची, तिनं विचारलं,
कुत्सितपणे नाही, खरंच.

उत्तर होतं माझ्याकडे, छापलेलं, अनुदानाच्या अर्जात.
ते मी दिलं नाही.
उणे चौसष्ट. उणे त्रेसष्ट.
चारच्या सुमाराला नळकांडी दिवे थरथरले,
यंत्रं एकेक करून घसा खाकरत उठली,
आणि ऑड्रीनं हातमोजा काढून
फ्रीजरच्या दाराला तळहात लावला,
ताप बघतात तसा.