चौकट क्रमांक सात

आयनरनं वह्या दिल्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
एकतीस वर्षं, एकतीस वह्या,
आणि वेगळी, सुतळीनं गुंडाळलेली लोखंडी चौकट,
हातभर लांब, हातभर रुंद.
फेरीबोटीच्या इंजिनात जन्म गेला त्याचा,
पण पानावर कुठे तेलाचं बोट नाही.
"दर महिन्याला त्याच जागी टाकायची," तो म्हणाला,
"आणि मोजायचं. मत द्यायचं नाही."

लेसो बेटाच्या दक्षिणेला फेब्रुवारीत
पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि काचेसारखंच कापतं.
गवत वीतभरही नाही.
वरची पाती झडलेली; मुळं तेवढी वाळूत आडवी,
पांघरुणाखाली कुणी डोळे उघडे ठेवून पडावं तशी.
नव्वदच्या पुढे बोटांना आकडा कळेनासा होतो.
एकशे बारा कोंब.
लिहिताना पेन्सिल धरवत नाही.

मेमध्ये पाती गुडघ्याला लागतात.
जूनमध्ये गवत फुलतं,
म्हणजे फुललं असं सांगावं लागतं,
कारण फूल पात्याच्याच खिशात लपवलेलं,
रंग नाही, वास नाही, भुंग्याचं येणंजाणं नाही.
पराग पाण्यात धाग्यासारखे सुटतात
आणि ज्याला जे सापडायचं ते सापडतं,
किंवा नाही सापडत.

मग शेवाळ.
पलीकडच्या मुलखातल्या शेतांचं खत ओढ्यांतून उतरतं,
गवताच्या अंगावर तपकिरी तंतू चढतात,
आधी केसांएवढे, मग लोकर,
मग ऊन खाली पोचेनासंच होतं.
नववी वही: "ऑगस्ट. वारा नाही. पाणी कोमट. वास. शून्य."
शून्याखाली त्यानं रेघ ओढली आहे.
एवढीच काय ती तक्रार.
पुढच्या ऑगस्टला: चार.
त्याच्या पुढच्या: एकोणीस.
मग अकरा. का ते नाही.

थूराच्या घराचं छप्पर याच गवताचं.
पुरुष जहाजांवर गेलेले, तेव्हाच्या बायकांनी
वादळ सरल्यावर किनाऱ्यावरून ते ओढून आणलं,
माळावर पसरलं, पावसाकडून धुऊन घेतलं,
दंडाएवढे पेड वळले,
आणि वर चढून पायांनी तुडवून तुडवून बसवलं.
घर झालं, की घराला आयाळ फुटली, कोण जाणे.
पुढे कुठल्याशा रोगानं पाती काळी पडली
आणि वाहून यायला काही उरलंच नाही.
आता वळचणीला भोक पडलंय.
डागडुजीचं गवत दुसऱ्या बेटावरून ट्रकनं येतं.
"परकं आहे," थूरा म्हणते, "पण मीठ तेच."

तेविसावी वही कोरी.
डावीकडे बारा महिने ओळीनं लिहिलेले,
उजवीकडे काही नाही.
मी विचारलं, त्या वर्षी गवत नव्हतं?
आयनरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
"असणार की. भरपूर असणार.
एल्सेबेथ आजारी होती."

तक्ता पाठवायचा आहे. त्या ओळीत काय भरू?
शून्य नाही भरता येत.
शून्य म्हणजे कुणीतरी पाण्यात उतरलं,
पाहिलं, आणि नव्हतं.

यंदा ऑक्टोबरात दोन रात्री वारा सुटला.
सकाळी किनाऱ्यावर गवताचा बांध,
घोट्याइतकाच, पण आपला.
एक ढकलगाडी भरली; त्यातच बुडबुड्यांचं शेवाळ,
दोरीचा तुकडा, कुणाचा तरी मोजा.
धुवायला अख्खा हिवाळा हवा होता,
पण थूरा कधीचीच शिडीवर उभी.
मी खालून भारे देत होते, एक, दोन, तीन...
"मोजू नकोस," ती वरून ओरडली, "दे!"

संध्याकाळी बाहीला चिकटून एक पातं घरी आलं.
टेबलावर सरळ केलं.
बासष्ट सेंटिमीटर.