एकच रेघ

गणनेवाला पोरगा आला, लोकेश पाटीदार,
मोटारसायकल बाभळीला टेकवून.
फॉर्मवर बोट ठेवलं: काकू, मुख्य धंदा?
एकच लिहायचाय. एकच रेघ आहे.

सांवेरच्या पुढे आमचं हे एवढंसं,
घरात मराठी, बांधावर माळवी, फॉर्मवर हिंदी.
मी म्हटलं, बस. लिही, लसूण.
तीन बिघे काळी माती आहे.
पण लसणाला घालते ते म्हशीचं,
आधी ते टाकीत जातं, निळं होऊन शेगडीवर येतं,
उरलेली रबडी वाफ्यात
(सराफ्यातली नव्हे, हसू नकोस).
तर म्हैस लिही.
चांदरी नाव तिचं. नावाला रकाना नसेल.

चांदरी खाते सोयाबीनचं भूस.
दाणा मंडीत जातो, म्हणून लोकांना वाटतं
आम्ही सोयाबीन दाण्यासाठी लावतो.

खुराडा डबरीवर आहे, फळ्यांवर उभा,
खाली रोहू तोंड वासून.
छप्पर पिथमपूरचं:
ह्यांच्या कारखान्यातले नापास झालेले पत्रे.
हे रात्रपाळी करतात.
दुपारी झोपले की बकऱ्या ह्यांची झोप खातात,
ते कुठे लिहिशील?

तो पेन चावत होता.

मागच्या पौषात कोंबड्या गेल्या.
चार दिवसांत एकवीस.
दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, चुना टाकून खोल पुरा.
रामकन्या आणि मी पुरल्या, पाण्यापासून लांब.
ती माळवीत काहीतरी पुटपुटत होती,
मी खड्डे मोजत होते.
वहीत लिहिलं: नुकसान, कोंबड्या एकवीस.
खाली रेघ मारली. संपलं.

चैत्रात जाळं टाकलं तर रोहू
वीतभरसुद्धा नाही.
नुसती डोकी, मागे अंगच नाही.
आणि मला वाटलेलं, हिशेब पौषातच मिटला.

लोकेश बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, देपालपूरला आमच्या घरी
बाबांनी म्हशी विकल्या,
मी नववीत होतो तेव्हा.
पैसे चांगले आले. गोठ्यात आता ट्रॅक्टर राहतो.
शेतात कुदळ मारली की टण् वाजतं.

फॉर्मवर त्यानं काय लिहिलं
मी चष्म्याशिवाय वाचलं नाही, सही केली.
सहीला शेणाचा वास लागला असेल.

जाताना पाण्याची रिकामी बाटली पुढे केली.
काकू, थोडी रबडी द्या.
भंवरकुआँला खोली आहे माझी,
गच्चीवर एक तुळस आहे, वाढत नाही.

गाळून दिली, गळ्यापर्यंत.
मोटारसायकल सुरू झाली तशी मी ओरडले,
अरे, झाकण घट्ट लावू नकोस.
फुगते ती.