भार

कुटुंब क्रमांक चारशे सतरा.
ओळीच्या शेवटच्या रकान्यात भार: एकोणीसशे बारा.
म्हणजे हे एक घर जिल्ह्यातल्या एकोणीसशे बारा घरांच्या वतीने उभं आहे,
नळावर एकीनेच साऱ्या गल्लीच्या हंड्यांसाठी
नंबर धरावा, तसं.

दुतोंड्या मारुतीचं तरी दुसरं काय?
धरणातून पाणी सोडलं की लोक पुलावर जमतात,
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, म्हणतात,
आणि तेवढ्यावरून सराफ बाजार दुकानं आवरायला घेतो.

फॉर्म मीच भरला होता, चैत्रातल्या दुपारी,
सातपूरला, कामगारनगरच्या मागच्या चाळीत.
आता नाव पुसलंय, नियमच आहे तसा.
मालन गांगुर्डे. प्लेटिंगच्या कारखान्यात
नटबोल्ट पुसायचं काम, बोटांची पेरं हिरवट.
मिळकत विचारली तेव्हा तिने आधी मुलाकडे पाहिलं,
मग पंख्याकडे.
"नऊ हजार लिहा. ओव्हरटाइम धरू नका,
तो कधी असतो, कधी नसतो."
मी धरला नाही.

आज गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
अहिरराव सर म्हणतात, भत्त्याचा कडा काढून टाका, उतार करून बघू.
सध्या दहा हजारांवर एक रुपया गेला की सगळाच भत्ता बंद.
नव्या नियमात वरच्या रुपयामागे चाळीस पैसेच कापायचे,
मूळ रक्कमही थोडी वाढवायची,
आणि वरच्या करदात्यांकडून किती घ्यावं लागेल, तेही काढायचं.
मी चार ओळी बदलते. बटण दाबते.
शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रेसमध्ये खऱ्या नोटा छापल्या जात असतात,
माझ्या इथे न छापलेल्या नोटा
घराघरांत शिरतात, बाहेर पडतात.
अकरा मिनिटं. तोवर चहा.

चारशे सतरा: महिन्याला सहाशे चाळीस जास्त.
गुणिले एकोणीसशे बारा,
बारा लाख तेवीस हजार सहाशे ऐंशी.
आकडा गोल करू का, सर विचारतात.

अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत आम्ही लिहून ठेवलंय:
जो पात्र, तो अर्ज करतो.
मालनने केला नव्हता.
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन खेपा, प्रत्येक खेपेला एक खाडा,
चौथ्यांदा साहेब मीटिंगला.
"जाऊ द्या," म्हणाली, "ते आपल्यासाठी नसतंच."
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.
म्हणजे माझ्या संगणकात ती भत्ता आधीपासूनच घेतेय,
आणि आता वाढीवही घेणार.

सर गेल्यावर मी ती ओळ बदलून पाहिली.
दहातले सहाच अर्ज करतील, असं धरलं.
पण सहादशांश मालन म्हणजे काय?
संगणक तिच्यासाठी नाणं उडवतो.
पहिल्या वेळी तिला मिळालं.
दुसऱ्या वेळी नाही.
तिसऱ्या वेळीही नाही, आणि मी
चौथ्यांदा बटण दाबलं,
ते कशासाठी, ते अहवालात लिहिता येणार नाही.
सकाळी दोन्ही तक्ते ठेवले सरांपुढे.
त्यांनी दुसरा बराच वेळ पाहिला.
"हा परिशिष्टात घेऊ," म्हणाले.

खर्चाचा विभाग मात्र चोख भरलेला आहे,
तेल, डाळ, रिक्षा, मुलाची क्लासची फी.
फळं विचारली तेव्हा ती हसली होती,
"फळं कुठली घेतोय आम्ही!"
शेजारीण पॅकहाऊसला जायची,
घडातून गळलेले मणी पदरात बांधून आणायची.
मी उठले तेव्हा मालनने त्यातले मूठभर
वर्तमानपत्राच्या तुकड्यात घालून दिले,
उन्हाचं कुठवर फिरणार, खा जाताना.
फळांवरचा खर्च: शून्य.
पायऱ्या उतरता उतरता मीच भरला तो,
चिकट बोटांनी.