उलटी कोर

बावीस वर्षं रात्रपाळी केली.
कास्त्रोच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या कारखान्यात
पट्ट्यावरून साल्मन यायचे, मी काटे उपसायची,
एक गेला की दुसरा, दुसरा गेला की पुढचा.
मग कारखाना बंद झाला.
हातांना कुणी कळवलंच नाही.

रात्री दोनला ते पांघरुणावर चालू लागतात,
नसलेले काटे शोधतात.
दवाखान्यातली बाई गोळ्या देते,
शेजारची एल्सिरा कसलासा पाला उकळून आणते.
दोघींचंही मी गिळते.
हात ऐकत नाहीत.

एकदा उठलेच,
आणि एवारिस्तोच्या होडीचा उरलेला डबा उघडला.
होडी विकली, रंग तेवढा राहिला होता.
वर जाड साय. चमच्यानं फोडली
तर खाली अजून ओला, निळा,
जागाच.

वादळानं भिंतीची एक फळी उखडली होती,
तीच घेतली.
पहिलं आभाळ अगदी दिवसाढवळ्याचं झालं,
मग धुराड्यातली काजळी खरवडून कालवली.
रात्र काळी नसते, हे साठीनंतर कळावं!
काळ्यात निळं मुरलेलं असतं
लोकरीत चुलीचा धूर मुरतो तसं.

चिलोए बेटावर पाऊस हा पाहुणा नाही, घरजावई आहे.
चंद्र दिसला तर दिसला.
दिसला की मी त्याला पाठ करून ठेवते
आणि रात्री उतरवते.

ब्रश डावीकडून उजवीकडे. पुन्हा.
किटली सूं करते.
कुत्री झोपेत कुणावर तरी गुरगुरते, गप्प होते.
भरतीचं पाणी येऊन
घराखालच्या खांबांना हात लावून जातं.
चंद्राची घाई नाही.
दोन तास नुसतं आभाळ,
मग शेवटी बोटावर चुना घेऊन
एकच कोर.

निबाल्दो नॉर्वेत असतो.
मासा तोच, समुद्र दुसरा.
रविवारी फोन आला, तिथे मध्यरात्र.
परवाची फळी त्याला दाखवली तर हसायला लागला,
"आई, वाढती कोर उजवीकडे असते.
तू उलटी काढलीस."

मी खिडकीशी गेले.
ढग जरा फाटले होते.
कोर डावीकडेच होती,
जन्मभर होती तशी.
"उलटा तू आहेस," म्हटलं, "जगाच्या त्या टोकाला
डोकं खाली करून उभा."
पुन्हा हसेल वाटलं.
बराच वेळ फक्त त्याच्या खोलीतल्या हीटरचा आवाज.
मग म्हणाला, "सात वर्षं झाली गं.
तिथली कशी दिसते, विसरलोच होतो."

त्याच्यासाठी वेगळी फळी घेतली.
तिच्यात क्षितिज नाही, बेट नाही, झाड नाही,
वर कुठलं, खाली कुठलं, काही ठरवलं नाही.
सही मागे.
खिळ्यासाठी भोकं दोन, या टोकाला एक, त्या टोकाला एक.
तिथली हवी असेल तेव्हा तशी टांग,
इथली हवीशी वाटली
तर फिरव.

रंग वाळायला चार दिवस लागतात,
हवाच ओली.
रोज रात्री बोटानं चाचपते.
काल चाचपता चाचपता खुर्चीतच डोळा लागला.
सकाळी एल्सिरा पाला घेऊन आली,
दार वाजवलं म्हणे, हाका मारल्या,
शेवटी आत येऊन बघितलं तर
चूल विझलेली, किटली कोरडी,
माझं एक बोट निळं,
आणि मांडीवर दोन्ही हात
पालथे,
गाढ.