अर्धा आटा

घणसोली गावात, मच्छीबाजाराच्या मागच्या बोळात,
कमळाकर मढवींच्या टेबलाखाली
एक काळा डबा कण्हत होता.
"दोन पट्ट्या हायेत यात. चार नि चार.
पावती हाय माजेकडं. यो चारच बोलतंय."
पावती खरंच होती, प्लास्टिकच्या पिशवीत,
भूसंपादनाची नोटीस, तीन उतारे
आणि नातीच्या लसीकरणाच्या कार्डाला चिकटून.

गुडघे टेकले.
झाकणाला चार स्क्रू असतात. दोनच होते.
आत उदबत्तीची राख, एक सुकलेली मुंगळ्यांची रांग
आणि धूळ, बोटाला फेल्टसारखी लागणारी.

पट्टी काढली. तिचे सोनेरी दात
नातीच्या खोडरबरानं घासले,
गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
फुंकर नाही मारली. फुंकरीत थुंकी असते,
असं रबाळ्याचे निसारभाई सांगायचे,
त्यांच्या हाताखाली मी पाच वर्षं काढली.
परत बसवली. टक्. दुसऱ्या टोकालाही टक्.
चार.

हिची जागा तिला, तिची हिला.
चार.
पहिल्या खाचेत एकटी कुणीही बसवा, चालते.
दुसऱ्या खाचेत कुणीही बसवा,
पडदा काळाठिक्कर आणि तीन शिट्ट्या.
म्हणजे पट्ट्या दोन्ही धडधाकट.
सेटिंगांच्या तळघरातही उतरून आले,
तिथं कुणी मर्यादेची खूण करून ठेवली असेल म्हणून.
नव्हती.

मढवींनी कोरा चहा पुढे केला.
"तरी बरा हाय याचा," ते म्हणाले,
"आठातली चार तरी मानतंय.
आमचे आठातला एकूच मिलाला.
साडेबारा टक्क्यानं."
मी मनातल्या मनात हिशेब केला.
बरोबर आला.

दारात द्वारकाबाई, हातात अर्जाचा मसुदा,
छापून घ्यायला सकाळपासून थांबलेली.
सहा भावंडं. कागदावर भाऊच तेवढे.
"व्हईल ना आज?" तिनं मला विचारलं,
जणू मीच तलाठी.

मग सुचलं म्हणून विचारलं:
"आतला पंखा कुणी बदलला?"
"भाच्यानं. गणपतीत. चांगला घट्ट बसवलाय."
घट्ट!
भाचा व्यायामशाळेत जातो, हे स्क्रू बघूनच कळलं.
चारही कोपरे असे पिळलेले
की खालचा बोर्ड किंचित वाकला होता,
पोळपाटाला बाक आल्यासारखा.
प्रोसेसरखालच्या त्या हजारभर टाचण्यांतली
एखादी, फक्त एखादी,
टेकायची तिथं टेकत नव्हती
आणि अख्खी दुसरी खाच मुकी झाली होती.

एक कोपरा, मग त्याच्या समोरचा.
प्रत्येकाला अर्धा आटा सैल.
अर्धाच. जास्त नाही, नाहीतर पंखा हलतो.

बटण दाबलं.
एक शिट्टी, आखूड.
पांढरी अक्षरं वर सरकली, मधे थांबली, विचारात पडल्यासारखी,
आणि मग आठ.

मढवी हसले नाहीत.
चष्मा कपाळावर चढवला, जवळ आले,
आकड्यावर नख ठेवून बघितलं.
"उद्या पन दिसल?"
दिसेल, म्हटलं.
"अर्धा आटा फिरवायचे तीनशे?"
तीनशे.
अडीचशे निघाले. पन्नास राहिले.

माझ्या डबीतले दोन स्क्रू लावून झाकण बंद केलं.
प्रिंटर खाकरला, द्वारकाबाई उठून उभी राहिली.
बॅग खांद्याला अडकवली, तेवढ्यात ते म्हणाले:
"लिवून द्या."
काय?
"आठच्या आठ दिसतान म्हनून.
खाली सही. आणि तारीख टाका, तारीख."

बिलाच्या पाठीमागे लिहिलं.
त्यांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत,
एकच घडी घातली
आणि पिशवीत सरकवलं,
नोटिशीच्या वर.